निर्जळी उपासाच्या गोळ्या

फिटच्या गोळीचं पाकीट करकरलं की माझं डोकं अजून तापतं. एरंडोलला सासूबाईंना दिवसाला तीन गोळ्या होत्या. त्यांच्या निर्जळी उपासाला मी शहाणीनं तिन्ही राखून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सहा एकदम दिल्या. दुपारपर्यंत त्या भिंत धरून चालायला लागल्या, जीभ जड झाली. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "केळीचं पाणी तोडून दुसऱ्या दिवशी खोड बुडवतेस का गं? काल रक्तातलं औषध आटलं, आज त्याचंच विष झालं." सासूबाई बोबड्या आवाजात म्हणाल्या, "तिले बोलू नका, ती बारावी पास शे." त्या वाचल्या, पण सत्तरीतही मला त्या बारावी पास सुनेच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.