केबल मीच तोडली

केबल मीच तोडली. पक्कड केबलवाल्याच्या हातात होती, पण तोड म्हणून सांगणारी मी. आमच्या घरात काही बिघडलं की ते कुणामुळे बिघडलं याची चौकशी आठवडाभर चालते आणि शेवटी माझ्यावर येऊन थांबते. या वेळी ती योग्य माणसावर थांबेल.

वर्षात तिसऱ्यांदा बिल वाढलं होतं. केबलवाल्याचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची खोली. टेबलावर मेलेल्या रिमोटचा ढीग, कोपऱ्यात वायरींची भेंडोळी आणि मधे तो, मोबाइलमध्ये मान घालून बसलेला. मान वर न करताच म्हणाला, "ताई, वरून वाढलंय." वरून म्हणजे कुठून असं विचारलं की तो पंख्याकडे बघायचा. आम्हाला हवी होती सात चॅनेलं. ती घ्यायची तर नको असलेली चाळीस गळ्यात पडायची. त्यातल्या एकावर माणसं दिवसभर मासे पकडायची आणि परत पाण्यात सोडायची.

"परवडत नसेल तर बंद करा की," तो म्हणाला. "हल्ली सगळे बंद करतात. आठ दिवसांत परत येतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी परत आले तर नाव बदलून टाकीन," म्हणाले आणि निघाले.

आता त्या सात चॅनेलांबद्दल. ती बघणारं माणूस घरात एकच होतं, माझे सासरे. ते चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत वायरी, असा त्यांचा फोटो हॉलमध्ये अजून आहे. कुणाचाही नंबर एकदा ऐकला की कायमचा. वारलेल्या डॉक्टरांचा, पाडून टाकलेल्या हॉटेलचा, सगळे नंबर पाठ. स्वतःच्या मुलांच्या वाढदिवसाच्या तारखा मात्र त्यांना कधी आठवल्या नाहीत. कॉलनीत त्यांना पाठीमागे 'हॅलोकाका' म्हणत, कारण अनोळखी माणसाशी फोनवर बोलताना त्यांचा आवाज लोण्यासारखा व्हायचा. तो सगळा गोडवा ऑफिसात खर्च व्हायचा. घरी यायचा तो उरलासुरला खवटपणा.

आमच्या दोघांत विस्तव जात नव्हता. लग्नाला आठवडा झाला होता तेव्हाची गोष्ट. फोन वाजला, मी उचलला आणि "हं, बोला" म्हणाले. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला, फोन बंद केला आणि पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत मला 'हॅलो' कसं म्हणायचं ते तीनदा म्हणून दाखवलं. चौथ्यांदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. बावीस वर्षं झाली. मी त्यांना माफ केलं नाही आणि त्यांनी कधी माफी मागितली नाही. माझ्याशी ते सरळ बोलतच नसत. मी समोर उभी असले तरी नवऱ्याला म्हणायचे, "तिला सांग, चहात साखर जास्त झाली."

सासूबाई गेल्या, मग सासऱ्यांचे डोळे बिघडले. काचबिंदू. माझी नणंद पडली हुकूमशहा. तिने फोनवर जाहीर केलं की बाबांना दिसायचं थांबलं की त्यांना घरात एकटं ठेवायचं नाही. "दिवसभराची बाई ठेवा, नाहीतर मी त्यांना आठव्या मजल्यावर माझ्याकडे नेते," म्हणाली. मी आणि नवरा दोघंही सकाळी नऊला बाहेर पडतो ते सातला येतो. तो सगळा दिवस सासऱ्यांचा एकट्याचा असायचा आणि त्यांना तोच हवा होता. "घरात परकं माणूस आणून बसवलंत तर जेवण सोडेन," ते म्हणाले. सोडलंही असतं. त्या माणसाला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती: आपल्या खोलीत आपल्या मर्जीने बसणं, कुणाला काही मागायला न लागता.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जायला तयार नव्हते, डॉक्टर लुटतात म्हणून. तेव्हा असं ठरलं की दर सहा महिन्यांनी मी त्यांना दुकानात न्यायचं, तक्ता वाचून घ्यायचा आणि नणंदेला कळवायचं. दुकानात जाताना ते माझ्या पिशवीचा एक बंद धरत. वाटायचं, म्हातारा ओझं हलकं करतोय. तेवढ्यापुरती मला त्यांची दयाही यायची. आमच्या तक्त्यावर आकडे आहेत. सासरे खुर्चीत ताठ बसायचे आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी खणखणीत वाचायचे. आमचे शेठ म्हणायचे, "या वयात अशी नजर."

खरं म्हणजे दोन वर्षांपासून त्यांना काहीही दिसत नव्हतं. तक्ता त्यांनी दिसत होता तेव्हाच पाठ करून ठेवला होता. चष्म्याच्या दुकानात, चष्मे विकणाऱ्या सुनेच्या डोळ्यांत त्यांनी धूळ फेकली. हे मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मी स्वतःला सांगते.

घरात त्यांचं सगळं निभावत होतं ते रिमोटवरच्या आकड्यांवर. पाचच्या बटणावर एक बारीक टेंगूळ असतं. अंगठा तिथे टेकवला की बाकीचे आकडे त्यांच्या हातात. चारशे अकरा बातम्या, दोनशे सहा जुनी गाणी, सहाशे तीस क्रिकेट. टीव्हीसमोर तोंड करून बसायचे आणि मधेच म्हणायचे, "तिला सांग, पडद्यावर धूळ बसलीये." मी पुसायची. आंधळ्या माणसाच्या सांगण्यावरून दोन वर्षं मी तो पडदा पुसला.

केबल बंद करून इंटरनेटवरचं सगळं घ्यायचं असं मी जाहीर केलं, तेव्हा सासऱ्यांनी पहिल्यांदाच माझ्याशी थेट भांडण काढलं.

"मला नकोय ते," म्हणाले. "हवं तर मी पेन्शनमधून भरतो बिल."

"प्रश्न पैशांचा नाही, बाबा. तो माणूस आपल्याला मूर्ख समजतो."

"तो समजू दे. तुला काय त्रास आहे? तू बघतेस का?"

"तेच. मी बघत नाही आणि भरते."

"मी भरतो म्हणालो ना."

आवाज किंचित कापला होता. मला ऐकू आलं होतं. मी ते हट्टाच्या खात्यात टाकलं आणि मनातून खूश झाले, हे कबूल करते. बावीस वर्षांत एकदा तरी या माणसाचं चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी केबलवाला आला, खिडकीतून वायर ओढली, कापली, डबा बगलेत मारला. "आठ दिवस," एवढंच बोलून जिना उतरला.

नवा रिमोट बोटभर लांबीचा, गुळगुळीत. मधे एक गोल कडं, खाली चार बटणं. सासऱ्यांनी तो हातात घेतला आणि अंगठा वरखाली फिरवला. मग उलटा करून मागूनही चाचपला.

"आकडे कुठायत?"

"लागतच नाहीत," नवरा उत्साहाने म्हणाला. "सगळी चित्रं असतात. हवं त्या चित्रावर जायचं."

"कळलं," सासरे म्हणाले.

इथेच मला कळायला हवं होतं. कुठलीही नवी वस्तू घरात आली की तिला नावं ठेवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे, आणि या वेळी नुसतं 'कळलं'.

मी संध्याकाळी यायची तर टीव्ही बंद. काय पाहिलंत विचारलं तर, "काही धड नसतं." माईकचं बटण दाबून बोला, असं नवऱ्याने शिकवलं. सासऱ्यांनी 'बातम्या' म्हटलं की पडद्यावर वीस चित्रं यायची आणि त्यांतलं कुठलं ते परत बघूनच ठरवायचं. मी त्यांना टोमणे मारत होते. "एवढे मोठे ऑपरेटर, चार बटणं जमत नाहीत?" असं एकदा तोंडावर म्हणाले. ते भिंतीकडे वळून झोपले.

दहाव्या दिवशी खालच्या मजल्यावरची शिवणवाली जिन्यात भेटली. म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे रोज एकच जाहिरात का हो वाजते? दोन-दोन तास. मला पाठ झाली."

त्या शनिवारी दुकानात काचांची मोजणी होती, ती एक वाजता संपली. मी घरी आले. दार किल्लीने उघडलं. आत टीव्हीच्या पहिल्याच पानावरची, आपोआप चालणारी ती जाहिरात मोठ्याने ढँढँ वाजत होती, त्यामुळे कुलूप त्यांना ऐकू गेलं नाही. सासरे टीव्हीसमोर उभे होते, रिमोट छातीशी धरून. "खाली दोन, उजवीकडे चार," पुटपुटत होते. दाबलं. कसलं तरी कार्टून सुरू झालं, उंदीर ओरडायला लागले. त्यांनी मागचं बटण दाबलं, पुन्हा मोजलं. खाली दोन, उजवीकडे चार. या वेळी कुणीतरी केक भाजायला लागलं. त्या चित्रांची जागा रोज बदलते. आदल्या दिवशी पाठ केलेलं आज खोटं. चौतीस वर्षांत ज्याने एक नंबर चुकवला नाही, तो माणूस दहा दिवस एकच नंबर चुकत होता आणि तो नंबरच नव्हता.

मग त्यांनी पुढे होऊन पडद्यावर तळहात ठेवला आणि हळूहळू फिरवला, काही हाताला लागतंय का ते बघायला. माझ्याकडे तोंड करून वळले. मी चार पावलांवर उभी. त्यांची नजर माझ्यातून आरपार गेली आणि तशीच पुढे दाराकडे.

त्यांना दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि दुसऱ्याच क्षणी राग. इतका राग मला त्या माणसाचा कधीच आला नव्हता.

मी टीव्ही बंद केला. ते दचकले.

"कोण आहे?"

"मी. किती दिवस झाले दिसत नाही?"

"दिसतं."

"माझ्या हातात काय आहे?"

"परीक्षा घेऊ नकोस माझी."

"काय आहे, सांगा."

"पिशवी," ते म्हणाले. रोज असते ना. माझे दोन्ही हात रिकामे होते.

"आणि तक्ता?"

ते चाचपडत खुर्चीत बसले आणि पाठ केलेल्या सगळ्या ओळी मला म्हणून दाखवल्या, वरपासून खालपर्यंत, न अडखळता. मग म्हणाले, "तुझ्या नणंदेला फोन करायचा तर मी असताना कर. माघारी नको." बावीस वर्षांत पहिल्यांदा 'तिला सांग' न म्हणता इतकं लांब वाक्य ते माझ्याशी बोलले होते.

मी फोन केला नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. सोमवारी झेरॉक्सच्या दुकानामागे गेले आणि केबलवाल्यापुढे नाक घासलं. तो मजेत होता. "काय ताई, नवीन नाव काय लिहू?" नवं कनेक्शन, नवा डबा, आधीपेक्षा महाग. मी सगळं ऐकून घेतलं. घरी इंटरनेट अडकतं म्हणून सांगितलं आणि नवऱ्याने चार दिवस चिडवून घेतलं, तेही ऐकून घेतलं. सकाळी निघताना गॅस रेग्युलेटरवरूनच बंद करायला लागले. थर्मासात चहा ठेवायला लागले. दुकानात अकराला आणि तीनला, ते चहा ओतून घेत असतील त्या वेळी, मी घड्याळ बघायची. म्हातारा पडला बिडला तर नणंद मला फाडून खाईल आणि ते बरोबरच असेल, हे मला कळत होतं. तरी गप्प राहिले. चांगुलपणा नव्हता तो. माझ्या तोऱ्यापायी त्यांची खोली गेली असती, ते मला सोसलं नसतं.

महिनाभराने नणंद आली. चपला काढता काढता विचारलं, "बाबांचे डोळे?"

सासरे खुर्चीत. बातम्या चालू. त्यांचा अंगठा रिमोटवर थांबला.

"परवाच तपासले," मी म्हणाले. "सगळ्या ओळी वाचल्या."

ती खूश झाली. दोन दिवस राहिली, सगळ्यांना शिस्त लावून गेली.

ती गेली त्या संध्याकाळी मी चहा दिला, तर सासरे म्हणाले, "छान झालाय." मला वाटलं, चेष्टा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. धुळीबद्दल काही नाही, साखरेबद्दल काही नाही. मी खोलीत गेले की टीव्हीचा आवाज कमी करायचे आणि म्हणायचे, "तुला त्रास होत असेल तर बंद करतो." मला भांडायला काही सापडेना. चार दिवस वाट बघितली आणि पाचव्या दिवशी मुद्दाम भाजीत मीठ घातलंच नाही. नवऱ्याने पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं आणि मीठ मागितलं. सासऱ्यांनी खाली मान घालून सगळी भाजी संपवली.

"कशी झाली होती?" मी विचारलं.

"छान," ते म्हणाले, आणि माझ्या आवाजाच्या दिशेने हसले. आयुष्यात कुणाच्या बापाला न भ्यालेला तो माणूस आता मला घाबरत होता.