दस्तगीरच्या बेसचं माप

आमच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. जळालेल्या कॉइल आणि किस्से. कॉइल भंगारवाला तराजूत घालून नेतो, किस्से कोणी नेत नाही. मग चहाला माणूस आला की त्याच्या गळ्यात मारायचे. हसायचे असतात ते आधी संपतात. राहतात ते दुसरे.

दुकान लातूरला, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. मी शिवाप्पा. अ‍ॅम्प्लिफायर बनवतो, आम्ही त्याला मशीन म्हणतो. दस्तगीर सुतार. मिरवणुकीत छातीत धडधडतात ना, ते बेसचे मोठे डब्बे त्याच्या हातचे. जाड प्लायवूड कापून तो डब्बा जोडणार, आत अठरा इंची स्पीकर बसवणार आणि मी माझ्या मशीनवर वाजवून बघणार. कंपनीचा माल आमच्या गिऱ्हाइकाला झेपायचा नाही, म्हणून आमचं चालायचं.

मोजायचं यंत्र कुठलं आमच्याकडं? डब्यावर स्टीलचं ताट ठेवायचं, ताटात मूठभर ज्वारी. दाणे नाचले की बेस आला. ताटाबाहेर उडाले की मशीन कमी करायची.

एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "डब्बा किती वॅटचा हाय?"

दस्तगीरनं खाली सांडलेले दाणे मोजले आणि म्हणाला, "बारा दाण्याचा."

गडी खूश होऊन डब्बा घेऊन गेला. पुढच्या महिन्यात त्याच्या शेजारच्या गावचे लोक आले. त्यांना पंधरा दाण्याचा पाहिजे होता.

*

उमरीचं लग्न. मंडपातल्याच लायनीवर आम्ही मशीन लावलेली. आता बेसचा एक ठोका म्हणजे मशीन एकदम करंट ओढणार. ठोका पडला की मंडपातले सगळे बल्ब मंद, ठोका गेला की लख्ख. नवरी दिसती, जाती, दिसती, जाती. फोटोग्राफर रडकुंडीला आला. पोरं तर समजली की ही लायटिंगच आहे, आणि नाचायला लागली.

शेवटी नवऱ्या मुलाचे आजोबा काठी टेकत माझ्यापाशी आले. म्हणाले, "बाबा, सहा महिने झाले मला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून. तू वाजवून राहिला तवापासून मी डॉक्टरला शिव्या घालून राहिलो."

त्या दिवसापासून बेसला जनरेटर वेगळा.

*

हसून झालं. आता भूकंपाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दस्तगीरचं गाव औसा तालुक्यातलं. त्या वर्षी गणपती विसर्जनाला आम्ही दोघं साउंड घेऊन लातूरला होतो. पहाटे जमीन हालली. गावी पोचलो तर गाव नव्हतं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद, सगळं माणसांवर आलेलं. त्याची बायको गेली, मोठा मुलगा गेला. चार वर्षांची मुलगी रेहाना झोपायच्या तख्ताखाली जिवंत सापडली. तख्त दस्तगीरनंच केलेलं, बाभळीचं.

दुकानामागची खोली मी त्यांना दिली. पण पोरगी छपराखाली जाईना. उचलून आत नेलं की अंग ताठ करायची, किंचाळायची. थंडीच्या दिवसांत अंगणात झोपायची आणि हा बाप शेजारी जागा. माझी बायको कढी-भात घेऊन यायची, तो तसाच पडून राहायचा. आम्हाला काय करावं ते सुचत नव्हतं.

एका दुपारी पोर सापडेना. गल्ली पालथी घातली. शेवटी दिसली दुकानातच. बेसचा एक डब्बा अर्धा झालेला, पुढचा फळा बसायचा होता. त्यात भुशावर गाढ झोपलेली. उठवल्यावर म्हणाली, "हे अब्बानं केलंय. पडत न्हाई."

दस्तगीर बाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. मी गेलो नाही त्याच्यामागं.

तवापासून डब्बा ही तिची खोली. आत गोधडी, उशी, पुढं वह्यापुस्तकं. पोरगी वाढली की नवा लांब डब्बा करायचा, जुन्याला फळा ठोकून, स्पीकर बसवून विकायचा. डब्याच्या मधोमध आडवी पट्टी लागते, नाहीतर प्लाय थरथरतो. ती पट्टी पोरीच्या पाठीला टोचायची, म्हणून त्यानं चार कोपऱ्यांत चार जाड ठोकळे घातले. आणि स्वतः शेजारी चटईवर पडायचा, एक हात प्लायवर ठेवून. रस्त्यानं ट्रक गेला तरी उठून बसायचा. पोरीला सुखानं झोप लागावी, याच्यापलीकडं त्या माणसाला काही नको होतं.

*

मुरुडच्या गणेश मंडळाचे लोक ठरल्या दिवशी डब्बा न्यायला आले. टेम्पो दारात, सोबत दहा पोरं गुलाल लावलेली. दस्तगीर म्हणाला, "उद्या या."

"उद्या? मिरवणूक आज हाय आमची!"

"नवीन डब्बा झाला न्हाई. ह्यात पोरगी झोपलीय. ताप हाय तिला."

अध्यक्ष लई तापट माणूस. तरातरा आत गेला. आम्हाला वाटलं, आता हा डब्बा उलटा करतो. आत जाऊन त्यानं वाकून बघितलं. रेहाना तेव्हा आठ वर्षांची असंल. तो बराच वेळ तसाच वाकलेला. बाहेर आला आणि पोरांना म्हणाला, "चला. यंदा हलगी."

वाटेत पोरांनी त्याला लई छेडलं म्हणे. त्याचं सासर भूकंपात गेलेल्या गावचं, ते मला पुढं कुणीतरी सांगितलं.

*

मग लातूरला क्लासचं वारं सुटलं. गल्लोगल्ली बोर्ड, जिकडं तिकडं सायकली, मेसचे डबे आणि बाहेरगावची पोरं. एका सरांनी मोठं पत्र्याचं शेड मारलं. शेवटच्या बाकापर्यंत आवाज दणदणीत पाहिजे म्हणून आम्हाला बोलावलं. आम्ही हौसेनं बेसचे दोन डब्बेही लावले.

पहिल्या दिवशी सरांनी माइकवर टकटक केली. धाड, धाड! वरचा पत्रा घुमला. तशी शेडमधली वीस-पंचवीस पोरं एकदम उठली आणि बाकांवरून उड्या मारत बाहेर. बाकीची शेकडो पोरं जागेवर बसून त्यांच्याकडं बघतायत, काय झालं ते न कळून. बाहेर मैदानात ती पोरं लांब लांब उभी होती, एकमेकांकडं न बघता.

दस्तगीरनं वायर उपटली. सरांना म्हणाला, "सर, तुमच्या शिकवण्याला बेस नको."

सरांनी मान हलवली. त्या पोरांना आत बोलवायला ते स्वतः गेले, आणि त्या दिवशी त्यांनी तास मैदानातच घेतला. पुढं रेहाना त्यांच्याच क्लासला गेली. हुशार पोरांना पुढचा बाक, असा त्यांचा कडक नियम. हिचा नंबर कायम वर, पण हिला शेवटचा बाक, दाराजवळचा. सरांनी कधी का म्हणून विचारलं नाही.

*

नांदेडहून एक इंजिनियर पोरगा आला. लॅपटॉप, मोजायचा माइक, सगळं घेऊन. आमच्या डब्यांचं नाव त्याच्या कानावर गेलं होतं. दरवर्षीच्या डब्याचा आवाज आदल्या वर्षीपेक्षा खोल उतरतो, हे त्यानं लोकांकडं जाऊन जाऊन मोजलेलं. डब्बा मोठा तेवढा बेस खोल, हे आम्हालाही माहीत होतं. पण त्याला वाटलं, यात काहीतरी मोठा हिशेब आहे.

"काका, ही लांबी कशी ठरवता? फॉर्म्युला कुठला?"

दस्तगीर रंधा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "यंदा चार बोटं वाढली."

पोरानं वहीत लिहून घेतलं. मी नळावर तोंड धुवायला गेलो.

*

रेहानाला नांदेडच्या मेडिकल कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली. गल्लीत पेढे वाटले. दस्तगीरनं तीन दिवस दुकानाचं शटर अर्धं ओढून एक डब्बा केला. पुढं फळा नाही, स्पीकरला भोक नाही, आतून बाहेरून पॉलिश. टेम्पोत घातला. मी चालवायला, मधे रेहाना, कडेला तो.

होस्टेलच्या बाईंनी विचारलं, "हे काय आहे?"

"कपाट," दस्तगीर म्हणाला.

"आडवं?"

"हाव."

बाईंनी त्याला ऑफिसात बोलावून नेलं. आम्ही दोघं टेम्पोपाशी. मी म्हणालो, "बेटा, खोलीत तिघी असतील. तुला छपराखाली झोप लागंल का?"

"लागती काका. भीती दहावीतच गेली माझी."

मी टेम्पोतल्या डब्याकडं बघितलं.

"तवा एकदा मी आत पलंगावर झोपले होते," ती म्हणाली. "जाग आली तर अब्बा दारात उभे. दोन्ही हातांनी चौकट धरून. रातभर तसेच उभे होते. मग मी परत डब्यात गेले."

तेवढ्यात दस्तगीर आला. चेहरा उतरलेला. "खोलीत न्हाई ठेवता येत म्हणे. जिन्याखाली ठेवा म्हणतेत."

"मग जिन्याखाली ठेवा अब्बा," रेहाना म्हणाली. "मी रोज तिथंच झोपंन."

आम्ही दोघांनी डब्बा जिन्याखाली सरकवला. तिनं स्वतः आत गोधडी अंथरली, उशी ठेवली, हात फिरवून सुरकुत्या काढल्या. दस्तगीरनं चारी कोपरे एकदा दाबून बघितले आणि आम्ही निघालो.

लोहा गाव मागं पडलं आणि त्याचं डोकं काचेला टेकलं. घोरायला लागला. अहमदपूरला चहाला थांबायचं ठरलं होतं. मी गाडी थांबवली नाही.