ज्यानं सांगितलं, त्यानं निस्तरायचं

दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात मुकादमाचा एकच नियम होता: ज्यानं सांगितलं, त्यानं निस्तरायचं. साबणाच्या पाण्याची नळी गळते असं कुणी म्हणालं, की सुटी झाल्यावर नळी बांधायला आणि फरशी पुसायला तोच थांबणार. इस्त्रीच्या रुळाला चादर चिकटते असं कुणी बाई म्हणाली, तर रूळ घासायला तीच. मुकादमाला यात वावगं काही वाटत नसे. "बोट दाखवायला काय अक्कल लागते?" तो म्हणे. नियम आल्यापासून तक्रारी आटल्या. महिनेच्या महिने त्याच्या खात्यातून एक शब्द वर जात नसे आणि मालक इतर मुकादमांना सुनवायचा, "त्याच्याकडे बघा. खातं नाही, घड्याळ आहे घड्याळ."

त्याच्या हाताखाली एक बाई होती. कामाला लागली तेव्हा तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालायचा, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत. आल्या आल्याच तिनं नळी गळत असल्याचं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "बातम्या संपल्या," मुकादम म्हणाला. "आता फडकं घ्या." सगळे खो खो हसले, तीही हसली. त्या संध्याकाळी तिची पोर वाट बघून बघून शेजारणीच्या उंबऱ्यावर झोपून गेली. पुढे रेडिओचा आवाज बारीक होत गेला आणि एक दिवस बंदच पडला. मुकादमाला वाटलं, बाई सुधारली.

ओल्या चादरी गरगर फिरवून पाणी काढणारं एक मोठं पिंप तिथं होतं. त्याला भोवरा म्हणत. भोवरा पुरता थांबेपर्यंत झाकण उघडू द्यायचं नाही, एवढ्यासाठी त्याला एक खटका होता. तो ढिला झाला. खात्यात सगळ्यांना ते माहीत होतं, एक मुकादम सोडून. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? भोवरा खोलायचा म्हणजे सांगणाऱ्याची रात्र गेली. मग कुणीतरी फाटक्या चादरीची चिंधी काढून झाकण कडीला बांधलं. दर खेपेला सोडायची, दर खेपेला आवळायची. हळूहळू ती कामाची रीतच झाली. मुकादम तिथून रोज जायचा. चिंधी त्याला दिसायची. हात पुसायचं फडकं असेल असं समजून एकदा तो म्हणालासुद्धा, "हे जरा नीट वाळत घाला." 

एके दिवशी ओली गाठ सुटली. भोवरा वेगात असताना झाकण उचललं गेलं. ते दाबायला रेडिओ वाकली, चादरीचं टोक तिच्या मनगटाला गुंडाळलं गेलं आणि भोवऱ्यानं हात आत ओढला. डॉक्टरांना तो कोपरापासून काढावा लागला.

"थांबायच्या आत झाकण उघडलं. चूक तिची," मालक म्हणाला. "तिचं नाव कमी कर."

"पण खटका असताना झाकण उघडलं कसं?" मुकादमानं विचारलं.

"ते मला विचारतोस? खटक्याची तक्रार तुझ्या खात्यातून कधी आली?"

"नाही."

"मग खटका नीट होता. आधीपासून बिघडला होता असं सांगणारा एक तरी माणूस उद्या माझ्यापुढे उभा कर. नाहीतर ती घरी."

मुकादमानं सगळ्यांना गोळा केलं. कुणी म्हणालं, माझं लक्ष नव्हतं. कुणी म्हणालं, मी आपला रुळावर असतो. भोवऱ्यावर काम करणारा म्हातारा म्हणाला, "मुकादम, माझी नजर अधू." तेवढ्यात मागून आवाज आला, "सांगितलं तर तिचा हात शिवायला थांबायचं का?"

या वेळी कुणी हसलं नाही. कोण बोललं, हे विचारायचं मुकादमालाही सुचलं नाही.

घरी येऊन तो हात धुवायला गेला तर स्वयंपाकघरातल्या नळाला चिंधी बांधलेली. पाणी चिंधीवरून निमूटपणे खालच्या भांड्यात उतरत होतं.

"हा कधीपासून गळतोय?"

"झाले की बरेच दिवस," बायको म्हणाली.

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की प्लंबर शोधायला मलाच पिटाळणार तुम्ही. त्यापेक्षा चिंधी बरी."

तो चिंधीवर हात ठेवून उभा राहिला. मग वळून त्यानं सुनेकडे पाहिलं. ती त्याच्याच खात्यात इस्त्रीच्या रुळावर होती.

"सूनबाई, भोवऱ्याला ते जे फडकं होतं..."

कपड्यांच्या घड्या घालता घालता ती थांबली. "फडकं नव्हतं ते, बाबा. सकाळची पहिली गाठ मी मारायचे. घट्ट बसली की दिवसभर टिकायची. त्या दिवशी माझी रजा होती."

"अगं, निदान घरात तरी बोलायचंस!"

"घरातले तुम्ही आणि तिथले तुम्ही वेगळे आहात का?"

मुकादम खाली बसला. म्हणाला, "उद्या मालकापुढे सांगशील?"

"आणि निस्तरायचं कुणी?"

"मी."

"आज म्हणताय," ती म्हणाली आणि पुन्हा घड्या घालू लागली.

दुसऱ्या दिवशी मालक खात्यात आला. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "भोवऱ्याचं झाकण बांधायची चिंधी मी रोज बघत होतो. ती काय आहे हे मला कळलं नाही, कारण मला कुणी सांगू नये अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती. आज बोला. निस्तरायचं माझ्याकडे लागलं."

"तुझं भाषण नको," मालक म्हणाला. "गाठ बांधणारा दाखव."

यंत्रं बंद होती. सून पुढे आली.

"गाठ मी मारायचे. खटका कधीचाच गेला होता."

आणखी कुणी बोलेल म्हणून मुकादमानं वाट पाहिली. भोवऱ्यावरच्या म्हाताऱ्यानं मान फिरवली.

"ठीक आहे, चूक यंत्राची," मालक म्हणाला. "त्या बाईचं नाव राहील. पण पोरी, बिघाड झाकलास तू. उद्यापासून येऊ नकोस."

"तिला काढत असाल तर मलाही काढा," मुकादम म्हणाला.

त्याला वाटलं होतं, मालक थोडा तरी अडखळेल.

"बरं," मालक म्हणाला.

नवा खटका बसला. मुकादमही नवा आला. रेडिओला एका हातानं जमेल असं, घड्या मोजायचं काम मिळालं. जुन्या मुकादमाला ती एकदा रस्त्यात दिसली. तिनं मान हलवली आणि पुढे गेली. खात्यातून अजूनही तक्रार येत नाही, असं त्याच्या कानावर आलं.

हे कळलं त्या दिवशी घरी येऊन त्यानं पाना काढला आणि नळाची चिंधी सोडली. उभ्या आयुष्यात त्यानं नळ खोलला नव्हता. पाना लावला, तशी सून दारातून म्हणाली, "बाबा, चुकताय. आधी वरचा कॉक बंद करा."

आता पाना सुनेच्याच हातात जाणार, असं बायकोला वाटलं.

तो थांबला. "कुठला? दाखव," म्हणाला आणि स्टूल ओढून स्वतःच वर चढला.