सूतभर

दादाच्या उस्तादाला साडेसात बोटं होती. कागद कापायच्या मशीनवर ज्याने आयुष्य काढलं, त्याच्याबद्दल हे सांगताना आमच्या छापखान्यात कोणी आवाज खाली करत नाही. उस्ताद स्वतःच पंजा नाचवून म्हणायचे, "ही अडीच बोटं माझी फी. तुम्ही भरू नका." त्यांच्या हाताखाली सोळाव्या वर्षी मशीन शिकलेला माझा मोठा भाऊ एकेचाळीस वर्षांचा झाला, तरी त्याची दहाच्या दहा बोटं जागेवर होती. ती तशीच राहतील की नाही, हे ज्या दुपारी ठरलं त्या दुपारची ही गोष्ट. त्यात माझाही हात आहे, म्हणून मीच सांगते.

छापखान्यात त्याला सगळे 'सूत' म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्या कामातलं सगळ्यात लहान माप. दादाने कापलेली गड्डी वरून मोजा, खालून मोजा, सूतभर फरक सापडायचा नाही. माणूसही तसाच, सरळ आणि धारेचा. कुणी कागद वेडेवाकडे आणून ठेवले की विचारायचा, "हे कापायचेत की यांची समजूत काढायची आहे?" घरी मुलीच्या वाढदिवसाला केक कापतानाही आधी बोटांनी माप घ्यायचा. वहिनी वैतागून म्हणायची, "अहो, खायचाय तो, बांधायचा नाही!"

मी त्याच्यापासून दहा पावलांवर, घडीच्या टेबलावर बसते. छापलेला कागद दुमडायचा, पट्टीने दाबायचा, बाजूला सारायचा. मिनिटाला वीस घड्या, पाच मिनिटांत शंभर. आमच्या टेबलाचा एकच नियम: वाचायचं नाही. वाचायला लागलं की हात मंदावतो आणि घडी तिरकी जाते. कादंबऱ्या, परीक्षेचे पेपर, कायद्याची पुस्तकं, सगळं माझ्या हाताखालून गेलं आणि मी अडाणी ती अडाणीच राहिले.

दादाला अधूनमधून तंद्री लागायची. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. आधी तो विचारायचा, "रबर जळल्यासारखा वास येतोय का गं?" दुसऱ्या कुणालाच तो यायचा नाही. मग त्याची नजर एका जागी थांबायची, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे आणि उजव्या हाताची बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत बसायची. हाक मारली तरी ओ नाही. अर्ध्या मिनिटाने परत यायचा आणि विचारायचा, "किती वाजले?" सगळे हसायचे. "सूत कुठे फिरून आला कोण जाणे," फोरमन म्हणायचे. तंद्री हा शब्दच असा गोड, की त्याला कोण घाबरणार?

मला मात्र घाबरायला कारण होतं. दादा नऊ वर्षांचा आणि मी सहाची असताना तो स्वयंपाकघराच्या फरशीवर ताठ होऊन पडला होता. हातपाय झटके देत होते, तोंडाला फेस. आईने दातांत चमचा घातला आणि त्याचा पुढचा दात तुटला. त्या वर्षात अशी आकडी आणखी दोनदा आली, मग थांबली. आईने मला समोर बसवून सांगितलं, "हे घराबाहेर गेलं तर ह्याला ना काम मिळेल ना बायको. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी मूठ झाकली. पुढे वहिनी घरात आली. त्या दाताबद्दल तिने विचारलं, तेव्हा मीच म्हणाले, लहानपणी झोक्यावरून पडला. खोटं बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. तंद्रीचं त्या आकडीशी नातं असेल, असं मनात आलं की मी दुसरं काहीतरी आठवत बसायचे.

आता मशीनचं सांगते. मशीन जुनं, त्याला दोन बटणं, एकमेकांपासून दीड हातावर. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे पातं पडताना दोन्ही हात बाहेर राहतात. उस्तादांच्या अडीच बोटांनंतर मालकांनी ती बसवून घेतली होती. गेल्या वर्षी कामाची रेटारेटी सुरू झाली आणि फोरमन माझ्या टेबलाशी आले. "ताई, पुठ्ठ्याची एक पाचर करून दे. चार पदरी, पक्की हवी." मी नीट घडी घालून, पट्टीने दाबून करून दिली. कशाला हवी, ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ती मशीनच्या डाव्या बटणात ठोकलेली. डावं बटण कायमचं दाबलेलं, त्यामुळे आता उजव्या हाताने एकच दाबायचं आणि डाव्याने पात्याखालचे कागद सरळ करायचे. काम दीडपट झालं. दादाने दोन दिवस कुरकुर केली, तिसऱ्या दिवशी सवय झाली.

मी रोज ती पाचर बघायचे आणि काढायचे नाही. काढली असती तर का काढली ते सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्या मुठीत होतं.

त्या दिवशी एका दवाखान्याचं काम होतं, चार हजार माहितीपत्रकं. गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून मालकांनी सगळ्यांना नवे एप्रन वाटले होते, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, मागे नाड्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी निम्मी पत्रकं दुमडून टाकली. वर मोठ्या अक्षरांत 'अपस्मार' असं छापलेलं होतं. मला वाटलं, पोटाचा काहीतरी विकार असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

जेवून आल्यावर हातात शाई पसरलेला एक कागद आला. असा कागद टाकायचा की ठेवायचा, ते ठरवायला मजकूर बघावाच लागतो. शाई तळाशी होती, वरचं स्पष्ट दिसत होतं. 'अपस्मार म्हणजेच फिट, आकडी किंवा फेफरे. प्रत्येक झटक्यात माणूस पडतोच असे नाही. काही क्षण नजर स्थिर होणे, ओठ चघळल्यासारखे हलणे, कपड्याशी किंवा बटणाशी चाळा करणे आणि नंतर त्यातले काही न आठवणे, हाही अपस्माराचा झटका असू शकतो. काहींना झटक्याआधी नसलेला वास येतो, जसे काहीतरी जळल्याचा.'

मी ते दोनदा वाचलं. माझ्या भावाचं वर्णन दोन हजार वेळा दुमडून मी बाजूला सारलं होतं.

तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला. "रबर जळतंय का गं कुठे?"

मी वळले. त्याचा डावा हात मनगटापर्यंत पात्याखाली होता, गड्डीवर पसरलेला. नजर समोरच्या भिंतीवर थांबलेली. ओठ हलायला लागले होते. उजवा हात सवयीने छातीवर गेला आणि बटण शोधायला लागला. एप्रनला बटण नव्हतं. बोटं वर गेली, गळ्याशी चाचपडली, पोटाशी आली. बटण सापडेना. मग हात हळूहळू खाली सरकत मशीनच्या कडेला टेकला, आणि बोटं कडेकडेने उजवीकडे सरकायला लागली.

तिथे एक बटण होतं.

"दादा!" मी ओरडले. तंद्रीत त्याला ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं. तो दहा पावलांवर. मेन स्विच माझ्या मागच्या खांबावर, दोन पावलांवर. भावाकडे धावावं असं सगळं अंग म्हणत होतं. मी त्याच्याकडे पाठ केली आणि खांबाकडे उडी मारली. खुर्ची आडवी झाली, गुडघा फुटला, आणि मी दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला.

दिवे गेले. छपाईची मशीनं घरघरत थांबली. त्या शांततेत आवाज आला, टक. थोडं थांबून पुन्हा, टक. माझा भाऊ बटणाशी खेळत होता. पातं वर जिथल्या तिथे होतं.

फोरमन तिकडून ओरडले, "कुणी घालवली वीज?" मी धावत जाऊन दादाचा डावा हात बाहेर ओढला, आणि तेवढ्यात त्याच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला, अंग ताठ झालं आणि तो माझ्यावरच कोसळला. फरशीवर तेच सुरू झालं जे मी सहाव्या वर्षी पाहिलं होतं.

सगळे गोळा झाले. कुणी म्हणालं हात धरा, कुणी म्हणालं पाणी मारा. फोरमन माझी घडीची पट्टी घेऊन धावत आले. "दातखीळ बसलीय, ही दातांत घाला!"

"काका, तोंडात काही घालायचं नाही!" मी एवढी किंचाळले की ते जागीच थिजले. एरवी त्यांच्यासमोर माझा आवाज टेबलाच्या वर जात नाही. तो शाईचा कागद अजून माझ्या मुठीत होता. खिडकीतून येणाऱ्या उजेडात मी वाचत गेले आणि सांगत गेले. आजूबाजूचं सामान सरकवा. हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. मी माझा एप्रन दुमडून दिला. कुशीवर वळवा. वेळ मोजा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर लगेच अँब्युलन्स.

घड्याळ भिंतीवर होतं, पण मला काटे दिसेनात. मला एकच मोजणी येते. मी त्याच्या डोक्याशी बसून हवेतच घड्या घालायला लागले. दुमड, दाब, सार. एक. दुमड, दाब, सार. दोन. शंभर झाल्या की पाच मिनिटं. फोरमन फोन हातात धरून माझ्या हातांकडे बघत उभे होते. वीस. दादाचे ओठ काळेनिळे दिसत होते. तीस. चाळीस झाल्या तेव्हा मी रडत होते, पण हात चुकले नाहीत. एकेचाळीस. बेचाळीस. त्रेपन्नाव्या घडीला झटके सैल पडले. छप्पन्नाव्याला त्याने मोठा श्वास घेतला, घोरल्यासारखा. मी हात खाली ठेवले.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. "किती वाजले?" त्याने विचारलं. या वेळी कोणी हसलं नाही.

मालकांच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. वहिनी धावत आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी असं कधी झालं होतं?"

"कधीच नाही," वहिनी म्हणाली. "लग्नाला चौदा वर्षं झाली. एकदाही नाही."

दादा पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होता. त्याने मान हलवली, अगदी सूतभर. नको. त्याला मशीन हवं होतं, आणि मी बोलले की ते जाणार होतं. मी त्याच्या हातांकडे पाहिलं, बोटं मोजली आणि बोलले. आकडी, चमचा, तंद्री, जळका वास, सगळं.

"झोक्यावरून पडले होते ना?" वहिनीने हळूच विचारलं.

"नाही वहिनी. मी खोटं बोलले."

तिने दादाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "वन्सं, आजाराचा मला राग नाही. चौदा वर्षं मला परकी समजलात, त्याचा आहे."

डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या. हा मेंदूतल्या विजेचा गोंधळ आहे, वेड नाही, लागणारा रोग नाही. तपासण्या करू. गोळ्या नेमाने घेतल्या तर बहुतेकांचे झटके आटोक्यात येतात, एकही गोळी चुकवायची नाही. पण पात्याजवळ उभं राहायचं नाही.

"मला दुसरं काही येत नाही," दादा म्हणाला. मग माझ्याकडे बघून सावकाश म्हणाला, "माझे हात तूच तोडलेस."

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि पोटभर रडले.

तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. कामावर परतल्या दिवशी आधी मशीनपाशी गेला. तिथे आता दुसरा माणूस होता. दादा वाकला, मशीनमधून काहीतरी उपटलं, खिशात घातलं आणि माझ्या टेबलावर समोरच्या खुर्चीत येऊन बसला. मी पाहिलं, पण विचारलं नाही.

त्याला आता पाच महिने झाले. दुसऱ्या महिन्यात एकदा तंद्री आली, डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली, मग आली नाही. सकाळ-संध्याकाळ गोळी वहिनी देते, आणि अजून माझ्याशी मोजकंच बोलते. दादाच्या घड्या मिनिटाला दहाच होतात, कारण तो प्रत्येक नवं काम आधी वाचून काढतो. फोरमन म्हणाले, "सूत, ह्या टेबलावर वाचायचं नसतं." दादाने मान वर न करता विचारलं, "का? न वाचता दोन हजार दुमडले हिने, काय कळलं?" फोरमन निघून गेले.

परवा दुपारी त्याने खिशातून ती पाचर काढली आणि माझ्या पट्टीशेजारी ठेवली. "तुझी आहे."

मी हातातली घडी अर्धीच सोडली. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. चार पदर, एकही सूतभर बाहेर नाही. इथे अशी घडी दुसरं कोण घालतं?"

"मग काढून का नाही टाकलीस तेव्हाच?"

त्याने हातातला कागद दुमडला, पट्टीने दाबला, बाजूला सारला.

"काढली असती तर का काढली ते सांगावं लागलं असतं," दादा म्हणाला.