पोती चालतात का?

आमचे बाबा म्हणजे डोक्याला ताप. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, साइटवर सगळे त्यांना 'अनवाणी मिस्त्री' म्हणतात. नव्या स्लॅबखालचे टेकू निघाले रे निघाले, की हे बूट काढणार, डोळे मिटून मधोमध उभे राहणार आणि दुसऱ्या कुणाला तरी शेजारून चालायला लावणार. सुरक्षा अधिकारी ओरडून ओरडून थकला. "बुटातून काय कळणार, कप्पाळ!" हे यांचं ठरलेलं उत्तर.

मी त्यांचीच मुलगी. इमारतींची आकडेमोड करणारी इंजिनियर, आणि रागाच्या बाबतीत त्यांच्यावरच गेलेली.

गेल्या वर्षी एका दवाखान्याचं काम माझ्याकडे आलं. अर्धांगवायू झालेल्यांनी पुन्हा चालायला शिकायचं, त्यासाठी पहिल्या मजल्यावर हॉल. खालच्या खोलीत मधे एकही खांब नको, हा डॉक्टरांचा हट्ट. माझ्या आईचा डावा पाय सहा महिने रुसून बसला होता. हा हॉल कधी उघडतो, याकडे ती घरी डोळे लावून बसली होती.

टेकू निघाल्यावर बाबा आले. मला चालायला लावलं. "हलतंय," म्हणाले.

"कुठे हलतंय? मला तर काहीच जाणवत नाही!"

"चालणाऱ्याला नाही कळत. उभा असतो त्याच्या टाचांना कळतं. खाली मधे दोन खांब दे."

झालं! माझं टाळकंच सटकलं. सगळ्या कामगारांसमोर पोटच्या पोरीची शोभा करायची? मी वाळूची पोती मागवली, नियमापेक्षा जास्त वजन रचलं, दिवसभर ठेवलं. स्लॅब वाकला तो मर्यादेच्या निम्माही नाही. तो कागद मी त्यांच्या नाकासमोर नाचवला.

"पडणार नाही, ते मलाही ठाऊक आहे गं," बाबा म्हणाले. "पण पोती चालतात का?"

"बाबा, पुरे आता!" म्हणत मी बिनखांबांच्याच नकाशावर सही ठोकली.

हॉल उघडला. आई दोन्ही बाजूंचे दांडे धरून उभी राहिली, तीन पावलं टाकली. तेवढ्यात पलीकडून एक नर्स घाईघाईने गेली. आई जागीच थिजली. "पाय थरथरतायत गं," म्हणाली आणि मटकन चाकांच्या खुर्चीत बसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर ती उठायलाच तयार होईना.

मी तिच्या पायांशी बसून फरशीवर तळवा टेकवला. नर्स गेली, आणि हाताला स्पष्ट कळलं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"आई, तुझे पाय नाही, जमीन हलतेय. माझं चुकलंय. चल, ऊठ बघू."

तिने माझा गाल कुरवाळला. "उगाच समजूत काढू नकोस माझी. तू बांधलेली जमीन कशी हलेल?"

मग तिने मागे उभ्या असलेल्या बाबांना खुर्ची दाराकडे वळवायला सांगितली.