शेठनी ऐकलेलं ‘हाय हाय’

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. उत्तनजवळच्या तारोडी गावात तर नाहीच — तिथे आजही माझ्यासाठी कोणीतरी खुर्ची रिकामी करतं. तुम्हाला सांगतोय.

आधी टीमबद्दल बोलू द्या. तारोडीची हॉकी टीम म्हणजे — कसं सांगू? बोटीवरून परतलेली, शेतात राबलेली पोरं चर्चमागच्या मैदानात उतरायची आणि मुंबईच्या महागड्या बुटांतल्या टीमना पळवून पळवून दमवायची. मी दादर सोडून भाईंदरला, इंद्रलोक नावाच्या वस्तीत राहायला आलेला कारकून. गाव असं मला नव्हतंच. रविवारी मैदानात शिरलो की पास्कल ओरडायचा, “आले, इंद्रलोकातले देव आले!” सगळे हसायचे. त्या हसण्यातच मी तारोडीचा झालो. अभिमान होता मला. अजून आहे.

पास्कल मच्छीमार. आवाज असा की समुद्रावरून ऐकू यावा. सामन्याआधी तो विचारायचा, “तारोडी हाय का?” आणि अख्खं मैदान उत्तर द्यायचं — “हाय! हाय!” आहे, आहे. एवढंच. अंगावर काटा यायचा.

भाईंदरमध्ये इमारतींवर इमारती चढत होत्या, त्या वर्षांत एका बिल्डरने आमची टीम घेतली. लोक चिडले. सगळ्यांत मोठ्याने मी. “बघाल, शेठ पहिलं गावाचं नाव पुसणार!” पास्कल शांतपणे म्हणाला, “मालक बदललाय, सायेब. काठ्या आपल्याच हातान हायत ना?” हळूहळू लोक त्याचं ऐकू लागले. माझं नाही. ते मला लागलं. का लागावं? पण लागलं.

पहिल्या सामन्याला शेठ आले. पास्कलनेच मला त्यांच्या शेजारी बसवलं — “सायेब, तुमची हिंदी चांगली हाय. शेठला आपला खेळ समजवा.” शेठनी पिशवीतून नवी जर्सी काढून मला दाखवली. छातीवर ठळक अक्षरांत, तारोडी. त्यांच्या कंपनीचं नाव बाहीवर, बारीक. मी वाचलं. नीट वाचलं. म्हणजे — मी चुकलो होतो. आणि आता ते सगळ्यांना दिसणार होतं.

तेवढ्यात पास्कलने विचारलं, “तारोडी हाय का?” त्या दिवशी मैदान असं गरजलं की माडांवरचे कावळे उडाले — “हाय! हाय! हाय! हाय!” नव्या मालकाच्या मानासाठी, नेहमीपेक्षा दुप्पट.

शेठचा चेहरा उतरला. मोर्चात देतात ती घोषणा त्यांना ऐकू आली होती. माझ्याकडे वाकून त्यांनी हळूच विचारलं, “ये हाय हाय मेरे लिए है?”

एक वाक्य पुरलं असतं. माझी हिंदी चांगली होती ना?

मी होकारार्थी मान हलवली. वर म्हणालो, “लोग नाराज हैं.”

शेठनी जर्सीची घडी घालून ती पिशवीत ठेवली.

पुढच्या सामन्याला पोरं उतरली तेव्हा छातीवर शेठच्या कॉम्प्लेक्सचं नाव होतं. तारोडी बाहीवरही नव्हतं. लोक पास्कलवर तुटून पडले — “शेठचा चमचा!” त्याने मैदानात यायचंच सोडलं. आणि मला? “सायेब, तुमी आधीच बोलले व्हते!” खुर्ची आली. मी बसलो. छाती काढून बसलो.

टीम त्या जर्सीतही जिंकली. काय खेळली पोरं! टाळ्या वाजवून माझे हात लाल झाले. आरोळी मात्र कोणी दिली नाही — त्या नावाला काय विचारणार, हाय का म्हणून?

पास्कल कधीतरी उत्तनच्या बाजारात भेटतो. केस पिकलेत. जुन्या सवयीने लांबूनच ओरडतो, “हाय का, देवा?”

“हाय,” मी म्हणतो. आणि मासळी बघत पुढे जातो.