दिवा तिथं नळी

रायफलीला दिवा बसवायचाय, असं दादा म्हणाला, तेव्हा माझ्या वडिलांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "घरात लावलेत तेवढे दिवे कमी पडले वाटतं," एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

बुधवार पेठेत आमचं विजेच्या सामानाचं दुकान. बल्ब, होल्डर, बॅटऱ्या, गणपतीत माळा. दादा म्हणजे माझ्या आत्याच्या दिराचा मुलगा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यांचं गाव नदीपलीकडचं, नुकतंच महापालिकेत आलेलं. पाटी बदलली होती, ऊस तोच होता. शाळेत असताना मी मे महिना आत्याकडे काढायचो आणि दादानेच मला तिच्या विहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला डबा बांधून रोज ढकलायचा. एक दिवस डबा बांधल्याचं नुसतं नाटक केलं आणि मला ढकललं. मी तरलो. पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट कौतुकाने सांगत होतो.

रायफल त्याच्या वडिलांची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. ते गेल्यावर त्याच्या नावावर झाली. डुकरं उसात घुसतात, मारायची नाहीत, हवेत बार काढून हाकलायची, असं तो म्हणाला. "एका हातात बॅटरी, एका हातात रायफल. आता बॅटरी काय दातात धरू?" मी हसलो. हवेत बार काढायला रायफलीवर दिवा कशाला लागतो, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण दादाने पेठेतली इतकी दुकानं सोडून माझ्याकडे यावं, याचंच मला अप्रूप होतं.

मी कामाला लागलो. आठवडाभर गिऱ्हाइकांकडे दुर्लक्ष केलं असेल. साधा बल्ब चालणार नव्हता, बार झाला की धक्क्याने त्याची तार तुटते. एलईडी तेव्हा नुकत्याच बऱ्या मिळायला लागल्या होत्या. त्यातही मोठी बॅटरी नको, तिच्या वजनाने नळीचं तोंड खाली झुकतं. सेलला दोन्ही बाजूंनी स्प्रिंग हवी, नाहीतर धक्का बसला की दिवा नेमका त्याच क्षणी डोळा मिटतो. फार पसरट उजेड शेताच्या बांधापर्यंतही पोचत नाही, फार बारीक असला तर त्यात डुकराचं फक्त शेपूट दिसायचं. मी मधला शोधला. ओळखीच्या लेथवाल्याकडून पकड करून घेतली आणि नळीला चरे पडू नयेत म्हणून आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. बटण वायरीवर घेतलं. डाव्या हाताखाली दाबलं की दिवा, सोडलं की अंधार.

रायफल दुकानात आणायची नाही, असं वडिलांनी बजावलं होतं. म्हणून दादाने नळीची जाडी दोरीने मापून आणली आणि आम्ही तेवढ्याच जाडीच्या पाइपवर दिवा चढवला. भरदुपारी शटर अर्धं ओढून भिंतीवर उजेड पाडला. गोल पडला, पण उजवीकडे एक तुकडा काळा. दिवा डावीकडे मागे बसवल्यामुळे पाइपचीच सावली उजेडात येत होती.

"पुढे सरकव, जाईल," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. बटनापातूर हात पोचत न्हाई मग," दादा म्हणाला.

तो निघताना मी एक गोष्ट बजावली. मी काही शिकारी नाही, पण इतके दिवस त्या दिव्याशी खेळल्यावर एवढं कळलं होतं. "दादा, ही बॅटरी म्हणून वापरायची नाही हं. काय पडलंय, कोण आलंय, हे बघायला खिशात दुसरी ठेव. याचा उजेड जिथं पडेल, तिथंच नळी रोखलेली असते."

"दिवा तिथं नळी," तो पाढा म्हटल्यासारखा म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

पाऊस संपल्यावर एके दिवशी सकाळीच आत्या दुकानात आली. यजमान गेल्यापासून ती गावात एकटीच, विहिरीजवळच्या दोन खोल्यांत. दादाने आपली जमीन बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं, पण तिथं जायला रस्ता आत्याच्या तुकड्यातूनच निघत होता, आणि आत्या सही करत नव्हती. हे मला ठाऊक होतं. दादाच म्हणाला होता, "काकीची मर्जी. म्या नादच सोडलाय."

आत्याने पिशवी काउंटरवर ठेवली. "मला एक बॅटरी दे बाबा. दादाकडं हाय तसली."

"तुला कशाला?"

"आरं, दिवेलागणीला लाईट जाती रोज. बिबट्या फिरतोय म्हणत्यात. पर दादा लई ध्यान ठिवतोय. लाईट गेली का बांधावरनं माझ्या वसरीवर उजेड टाकतो. मी बसल्याली असती तितं, पार माझ्या अंगावर. म्या म्हनलं, त्यानं एवढी राखन करायची, तर मी बी त्याच्या गोठ्यावर टाकीन की."

 ती दुसरी बॅटरी असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. "उजेड कसा पडतो गं? पुरता गोल?"

"गोल कुठला! उजव्या अंगाला घास काढल्याली भाकर." ती हसली. "त्याला म्हनावं, नीट बनवून घे. पर दिवा त्यो दिवा. मी आपली हात जोडती रोज."

दिवा लागला की आमच्याकडे हात जोडतात. आत्या तर ट्यूबलाइटलाही जोडायची. गेले कित्येक दिवस ती माझ्या दिव्याला नमस्कार करत होती, आणि तो काढलेला घास म्हणजे रायफलीच्या नळीची सावली होती. मी तिला बॅटरी दिली नाही. माल संपलाय म्हणालो आणि चहा पाजून बसमध्ये बसवून दिलं.

दुपारीच स्कूटर काढून गावात गेलो. दादा गोठ्यासमोर बसला होता. त्याने नाकारलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. त्याने नाकारलंच नाही.

"गोळी व्हती का आत? नुसता उजेड टाकतोय," तो म्हणाला. "आन् लागू पडतंय बघ. आधी ढिम्म बसायची. आता पंधरा दीस झालं, उजेड पडला की हात जोडती. या म्हयन्यात सही करील."

"नमस्कार करते ती, दादा."

"आं?"

"दिव्याला. तिला वाटतं तू राखण करतोस."

 मी वाट पाहिली. वाटलं, आता तरी मान खाली घालेल. तो गोठ्याकडे बघत म्हणाला, "मग तिला सांगू नको. न्हायतर... सांगच की. भ्याली तर बरंच हाय." आणि वर, "दिवा तूच निवडून दिलायस, ध्यानात ठेव."

विहिरीच्या काठावरून मला ढकलणारा त्याचा हात तेव्हा आठवला. डबा न बांधता ढकलणं म्हणजे काय, हे मला पंचवीस वर्षांनी समजत होतं. लाज वाटली ती त्याची कमी, माझी जास्त. रबर लावलं होतं मी. नळीला चरे पडू नयेत म्हणून!

आत्याला सांगितलं तर ती भिऊन सही करेल, न सांगितलं तर उद्या पुन्हा त्या उजेडात जाऊन बसेल. मी ओसरीवर तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. ती रडली नाही. एकच विचारलं, "म्या हात जोडलेलं त्याला दिसत हुतं?"

"दिसत होतं."

ती उठली, लुगडं बदललं आणि म्हणाली, "चल चौकीवर."

तक्रारीत दिवा कुणी बसवून दिला, तेही लिहावं लागलं. मी माझं नाव लिहिलं. रायफल जमा झाली. सही आत्याने आजवर केलेली नाही. दुकानात परतल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. 'चांगले दिवे लावलेस' म्हणायचा त्यांना पुरेपूर हक्क होता. पण ते नुसतेच शटर ओढायला उठले.

गेल्या महिन्यात आत्याकडे गेलो होतो. लाईट गेली होती, मग आली. सवयीने माझे हात जुळले. आत्याचे मांडीवरच होते. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"आधी बघती," ती म्हणाली, "उजेड कुनाचा हाय ते."